मेजावरील वस्तू आणि अर्थाचा प्रश्न

विलेम काल्फ या डच चित्रकाराविरुद्ध एक तक्रार त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी नोंदली गेली. काल्फ १६९३ मध्ये ॲमस्टरडॅम येथे मरण पावला. तक्रार करणारा जेरार्ड दे लेरेस हा स्वतः त्या नगरीतील नामांकित चित्रकार होता. १६९० च्या सुमारास त्याची दृष्टी गेली, आणि त्यानंतर दिलेल्या व्याख्यानांतून त्याचा चित्रकलेवरील मोठा ग्रंथ १७०७ मध्ये सिद्ध झाला. काल्फचे हस्तकौशल्य त्याला मान्य आहे. स्थिरचित्रे काढणाऱ्यांत काल्फ श्रेष्ठ होता, हेही तो नाकारीत नाही. त्याचा आक्षेप एवढाच की, आपण जे रंगवले ते कशासाठी रंगवले याचे कारण काल्फला कधीही सांगता आले नसते. चिनी मातीचे भांडे, सोन्याचा पेला, सालीची लांब वळी लोंबत असलेले लिंबू असे जे मनात आले ते त्याने मेजावर मांडले आणि रंगवले. त्यामागे कोणताही विशेष अर्थ नव्हता. अंध झालेल्या समीक्षकाने डोळस चित्रकारावर घेतलेला हा आक्षेप आहे. परंतु तो केवळ एका चित्रकाराविरुद्ध नाही. वस्तूचे वर्णन हे स्वयमेव कलेचे प्रयोजन होऊ शकते काय, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

भारतीय साहित्यविचाराला हा प्रश्न अपरिचित नाही. स्वभावोक्तीला अलंकार म्हणावे की न म्हणावे, यावर संस्कृत काव्यशास्त्रात शतकानुशतके वाद चालला. भामहाने तिचा उल्लेख काहींच्या मताचा हवाला देऊन, काहीसा हात राखूनच केला. दंडीने तिला अलंकारांमध्ये पहिले स्थान दिले. कुंतकाने तो मान काढून घेतला. त्याचा युक्तिवाद असा की, वस्तूचा स्वभाव हाच जर अलंकार मानला, तर अलंकृत करायचे म्हणून शिल्लक काय राहिले? त्यानंतर महिमभट्टाने एक सूक्ष्म भेद करून स्वभावोक्तीचा पक्ष सावरला. वस्तूची रूपे दोन आहेत, एक सामान्य आणि दुसरे विशिष्ट. सामान्य रूप सर्वांच्या व्यवहाराचा विषय असते. विशिष्ट रूप केवळ प्रतिभेलाच दिसते. पहिल्याचे वर्णन ही नुसती माहिती, दुसऱ्याचे वर्णन हे काव्य. दे लेरेसच्या आक्षेपाला उत्तर शोधताना हा भेद हाताशी असणे उपयोगाचे आहे. मात्र तो डच चित्रांना परस्पर लावून मोकळे होता येणार नाही. ती चित्रे कोठून आली आणि कोणासाठी काढली गेली, हे आधी पाहिले पाहिजे.

स्थिरचित्राचा युरोपातील उगम धार्मिक चित्राच्या एका चमत्कारिक उलटापालटीत आहे. पीटर आर्टसेन याने १५५१ मध्ये रंगविलेले मांसाचे दुकान आज स्वीडनमधील उप्साला येथे आहे. त्याच्या अग्रभागी कापलेले डोके, आतडी, सॉसेज, मासे आणि लोणी यांची अक्षरशः दाटी आहे. दूर मागे, एका लहानशा चौकटीत, इजिप्तकडे निघालेली पवित्र माता वाटेतल्या गरिबाला भिक्षा घालते आहे. प्रेक्षकाची दृष्टी प्रथम मांसावर पडते आणि मग, पडली तर, दयेवर. आर्टसेनने हा क्रम प्रेक्षकाला लाजविण्यासाठी योजला असेल. परंतु पुढील साठसत्तर वर्षांत घडले ते असे की, मागची चौकट नाहीशी झाली आणि पुढचे मेज उरले. ज्या प्रसंगाच्या आधारे वस्तूंना चित्रात प्रवेश मिळाला होता तो प्रसंग निघून गेला. वस्तू मात्र तेथेच राहिल्या. दे लेरेसला जो अर्थ सापडत नव्हता, तो एका दृष्टीने पाहता या निघून गेलेल्या चौकटीतला अर्थ होता.

सतराव्या शतकाच्या आरंभी हार्लेममध्ये या मेजांची स्वतंत्र परंपरा सुरू झाली. फ्लोरिस फान डाइक याच्या १६१५ च्या सुमाराच्या चित्रांत चीज, फळे आणि सुकामेवा नक्षीदार कापडावर एकेक सुटे मांडलेले दिसतात, जणू प्रत्येक वस्तूला स्वतःची जागा नेमून दिली आहे. ‘स्थिर जीवन’ या अर्थाचा डच शब्द त्या वेळी रूढ झालेला नव्हता. तो शतकाच्या मध्याच्या सुमारास आला. तोपर्यंत लोक या चित्रांना ‘न्याहारी’, ‘मेजवानी’ किंवा ‘फळे’ अशा साध्या नावांनी ओळखत. म्हणजे नाव चित्रप्रकाराचे नव्हते, जेवणाचे होते. त्यानंतर पीटर क्लास आणि विलेम क्लास हेडा या दोघांनी १६२० ते १६४० या काळात रंग जवळजवळ पुसून टाकले. करडा, हिरवट, तपकिरी आणि भाकरीचा पिवळा एवढ्याच छटांत त्यांनी कथिलाच्या थाळ्या, रोमर नावाचे हिरव्या काचेचे पेले, मासळी, पाव आणि लिंबे रंगविली. १६४० नंतर वारे पुन्हा पालटले. अँटवर्पमध्ये आणि मग उत्तरेतही मेजे मोठी झाली, रंग परत आले. चांदीची सुरई, नॉटिलसच्या शिंपल्याला सोन्याचा पाय जडवून केलेला पेला, चीनची भांडी, पूर्वेकडील गालिचे, तांबडीलाल शेवंड, द्राक्षांचे घोस आणि चिरलेली कलिंगडे यांनी ती ओसंडून वाहू लागली. या प्रकाराला डच भाषेत जे नाव मिळाले त्यात मिरविणे, दिमाख करणे असा अर्थ आहे. यान दाविद्स दे हेम, आद्रियान फान उत्रेख्त, आब्राहाम फान बेयरेन आणि काल्फ हे त्याचे प्रमुख चित्रकार.

हा दिमाख ज्या समाजात निर्माण झाला त्याची परिस्थितीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. नवे प्रजासत्ताक स्पेनशी झगडत उभे राहिले होते. १६४८ च्या म्युन्स्टरच्या तहाने त्याला मान्यता मिळाली. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीने आणि १६२१ मध्ये स्थापन झालेल्या वेस्ट इंडिया कंपनीने जगाचे दोन्ही गोलार्ध ॲमस्टरडॅमच्या धक्क्याला आणून बांधले. चित्रे राजासाठी किंवा देवळासाठी न काढता बाजारासाठी काढली जात आणि ती विकत घेणारे बहुतेक नागरिकच असत. याच नागरिकांना कॅल्व्हिन पंथाचे धर्मोपदेशक दर रविवारी ऐश्वर्याच्या धोक्याविषयी बजावीत. सायमन शामा याने १९८७ मधील आपल्या ग्रंथात या समाजाच्या मनातील श्रीमंतीच्या संकोचाचे विस्तृत चित्र रेखाटले आहे. मिळविलेले दाखवावेसे वाटते आणि दाखविले की अपराधी वाटते, अशा द्विधा मनःस्थितीतल्या घरांच्या भिंतींवर ही मेजे लागली.

या संकोचातूनच पहिले मोठे स्पष्टीकरण जन्मते. या मेजावरील प्रत्येक वस्तू उपदेश करते, असे ते स्पष्टीकरण मानते. लिंबू बाहेरून सुंदर आणि आतून आंबट, म्हणून ते फसव्या सौंदर्याचे चिन्ह. आडवा पडलेला पेला म्हणजे संपलेले आयुष्य, झाकण उघडे टाकलेले घड्याळ म्हणजे सरत चाललेला काळ. पाव आणि मद्य ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाची आठवण देतात. अशा वाचनाला आधार नाही असे नव्हे. रूमर फिस्खर याने १६१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिन्हग्रंथात घरगुती वस्तूंनाच बोधवाक्ये जोडलेली आहेत, आणि याकोब काट्सची नीतिपर पद्ये तर घरोघरी होती. एडी दे योंग या डच अभ्यासकाने १९६० च्या आणि १९७० च्या दशकांत या सामग्रीचा कसोशीने अभ्यास करून असे प्रतिपादन केले की, डच चित्रांतील वास्तव हे भासमान वास्तव आहे. त्याच्या आड नीतिबोध दडलेला आहे. १९७६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात भरलेल्या प्रदर्शनाने ही दृष्टी सर्वमान्य केली.

या मताने चित्राची एक शिस्तशीर वाचनपद्धती मिळवून दिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याची अडचण दोन प्रकारची आहे. एक तर हे अर्थ अमर्याद लवचीक आहेत. लिंबू फसवणुकीचे चिन्ह होऊ शकते, तसेच मिताहाराचेही होऊ शकते, कारण ते जड अन्नाला उतारा म्हणून खाल्ले जाई. आणि अनेकदा ते कालवांवर पिळण्यासाठी ठेवलेले लिंबूच असते. दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. लिंबाचा अर्थ ‘फसवे सौंदर्य’ एवढाच असेल, तर तो कळण्यास लिंबाची ढोबळ आकृती पुरेशी होती. मग सालीच्या आतील पांढऱ्या गराचा दमट खरखरीतपणा, फोडीच्या पडद्यातून पलीकडे झिरपणारा उजेड आणि कथिलावर साचलेला रसाचा थेंब रंगविण्यात चित्रकाराने दिवसेंदिवस का घालविले? बोधवाक्याला जे लागत नाही तेच या चित्रात सर्वाधिक आहे. उपदेश हा चित्राचा विषय असू शकतो. चित्राचे आधिक्य मात्र त्याने उलगडत नाही. आणि कलाकृतीची कलाकृती म्हणून मीमांसा करायची तर ती या आधिक्याचीच करावी लागते.

दुसरे स्पष्टीकरण नेमके येथून सुरू होते. स्वेतलाना आल्पर्स हिने १९८३ मध्ये मांडलेल्या विचारानुसार इटालियन चित्रकला कथन करते, डच चित्रकला वर्णन करते. भिंगे घासणाऱ्या, नकाशे काढणाऱ्या, सूक्ष्मदर्शकाखाली किडे पाहणाऱ्या समाजात पाहणे हीच ज्ञानाची रीत होती. चित्र हा त्या पाहण्याचाच एक प्रकार. लिंबू सोललेले असते, कणकेच्या कवचात भाजलेले मांस फोडलेले असते, घड्याळ उघडलेले असते, ते मृत्यूची आठवण देण्यासाठी नसून वस्तूचे अंतर्बाह्य रूप एकाच वेळी दृष्टीसमोर यावे म्हणून. दे लेरेसच्या तक्रारीला हे सरळ उत्तर आहे. काल्फला कारण सांगता आले नसते, कारण पाहणे हेच कारण होते.

परंतु या उत्तरातही एक उणीव राहते. शास्त्रज्ञाची वस्तू त्याच्या निरीक्षणासाठी थांबलेली असते. मेजवानीच्या मेजावरील वस्तू तशा थांबलेल्या नाहीत. हेडाचे १६३५ मधील एक चित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. पांढरे कापड एका बाजूस चुरगळून सरकले आहे. चांदीचा पेला आडवा पडला आहे. मेणबत्ती विझली आहे. भाजलेल्या कवचातील सारण चमच्याने उकरून खाल्ले गेले आहे. थाळीची कड मेजाबाहेर आली आहे, इतकी की प्रेक्षकाचा हात ती सावरायला नकळत पुढे व्हावा. येथे कोणीतरी जेवत होते आणि उठून गेले. ते परत येणार आहेत की नाहीत, हे चित्र सांगत नाही. ज्याला कथनशून्य वर्णन म्हटले जाते त्यात असे एक संपूर्ण कथानक गळून गेलेले आहे आणि त्याची जागा रिकामी ठेवलेली आहे. वस्तूंवरील शांतता ही निरीक्षणाच्या प्रयोगशाळेतील शांतता नव्हे. माणसे निघून गेल्यानंतर खोलीत उरते ती ही शांतता आहे. प्रेक्षक त्या रिकाम्या जागी उभा राहतो. तो या मेजावरचा उशिरा आलेला पाहुणा आहे. त्याला जेवता येत नाही, फक्त पाहता येते.

महिमभट्टाने सांगितलेला विशेष येथे स्पष्ट होतो. वस्तूचे सामान्य रूप तिच्या उपयोगाशी बांधलेले असते. भुकेल्याला पाव दिसतो तो खाण्याजोगा म्हणून. त्याच्या कवचावरील पिठाची धूळ त्याला दिसत नाही. चित्राने उपयोग थांबविला की ही धूळ दिसू लागते. विशिष्ट रूप म्हणजे वस्तूला चिकटविलेला एखादा गूढ अर्थ नव्हे. उपयोगाची घाई थांबल्यावर वस्तूचे जे उरते, ते. या कसोटीवर त्या शतकातील मेजचित्रांमध्ये तरतमभावही करता येतो. केवळ डामडौल म्हणून सर्वांना सारखे नाकारणे किंवा केवळ कौशल्य म्हणून सर्वांना सारखे वाखाणणे, या दोन्ही गोष्टी टाळता येतात.

आद्रियान फान उत्रेख्त याचे १६४४ मधील भव्य मेज राइक्स संग्रहालयात आहे. शेवंड, फळे, भाजलेले मांस, वाद्ये, पोपट, माकड आणि कुत्रा असे सर्व काही त्यात आहे. प्रत्येक वस्तू उत्कृष्ट रंगविलेली असूनही प्रेक्षकाची दृष्टी कोठेच थांबत नाही. एक वस्तू पुरती दिसण्याच्या आत दुसरी पुढे सरसावते. हे वर्णन नसून यादी आहे. यादीत प्रत्येक वस्तूचे मूल्य तिच्या किमतीइतके असते आणि सर्वांची बेरीज यजमानाच्या नावावर जमा होते. दिमाखाचे चित्र अपयशी होते ते नीतीच्या दृष्टीने नव्हे. ते अपयशी होते कारण त्यात वस्तू पुन्हा सामान्य रूपाकडे परतते, आणि या खेपेस ते सामान्य रूप उपयोगाचे नसून किमतीचे असते.

दे हेमचे १६४० मधील मोठे चित्र आज लूव्रमध्ये आहे. सुमारे दीड मीटर उंच आणि दोन मीटर रुंद अशा या चित्रातही वस्तूंची वाण नाही. फळे, सोनेरी पात्रे, अर्धे खाल्लेले पक्वान्न, कडेला टेकवून ठेवलेले ल्यूट हे तंतुवाद्य आणि वर ओढून घेतलेला पडदा. योआखिम फॉन झांड्रार्ट या समकालीन चरित्रकाराने नोंदविले आहे की, अधिक मोठी आणि दुर्मीळ फळे ताजी मिळावीत म्हणून दे हेम अँटवर्पला जाऊन राहिला. तथापि या चित्राला यादीचे रूप येत नाही, कारण फळांचा उतार, कापडाची घसरण आणि वाद्याची वक्र पाठ यांच्यात एकच हालचाल खेळते आहे. आंरी मातिस याने १८९३ मध्ये विद्यार्थिदशेत लूव्रमध्ये बसून या चित्राची नक्कल केली, आणि १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, त्याच मेजाची एक नवीन आवृत्ती रंगविली. या दुसऱ्या चित्रात फळांचा रसरशीतपणा नाही, चांदीची झिलई नाही. परंतु मूळ चित्राची बांधणी जशीच्या तशी ओळखू येते. सर्व ऐश्वर्य काढून घेतल्यावरही जे शिल्लक राहिले ते मेजाच्या मांडणीचे तत्त्व होते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांच्या द्वारे ज्या लयतत्त्वाची मांडणी केली, त्याचा याहून सरळ पडताळा क्वचित मिळेल.

काल्फने मात्र लयीपलीकडचे एक पाऊल टाकले. लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात त्याचे १६५३ च्या सुमाराचे एक चित्र आहे. संत सेबास्टियनच्या नावाने चालणाऱ्या तिरंदाजांच्या संघाचे म्हशीच्या शिंगाचे, चांदीने मढविलेले पानपात्र, एक शेवंड, काचेचे पेले, सोललेले लिंबू आणि गालिचा, एवढ्याच वस्तू त्यात आहेत. ते शिंग १५६५ मधील असून अद्यापि ॲमस्टरडॅममध्ये जतन केलेले आहे. म्हणजे मूळ वस्तू आणि तिचे चित्र दोन्ही आज उपलब्ध आहेत. गटे याने १७९७ मध्ये काल्फच्या एका चित्राविषयी लिहिताना म्हटले होते की, सोन्याची खरी पात्रे आणि हे चित्र यांतून निवड करायची झाली तर तो चित्र निवडील. हे केवळ रसिकाचे औदार्य नव्हे. काल्फने वस्तू थोड्या ठेवल्या आणि त्यांच्याभोवती काळोख दाट केला. त्याच्या चित्रांत तेच ते पेले वारंवार भेटतात, म्हणजे नवीन संपत्ती दाखविण्याची हौस त्याला नव्हती. काळोखातून शिंगाच्या चांदीवर उजेडाचा एक बिंदू उमटतो, काचेतून तो लिंबाच्या पिवळेपणात उतरतो आणि शेवंडीच्या तांबड्या पाठीवर विझतो. प्रत्येक वस्तू दुसरीमुळे दिसते. येथे संपत्तीचे प्रदर्शन उरत नाही. दिसण्याची क्रियाच दिसू लागते. दे लेरेसने ज्याच्यावर अर्थशून्यतेचा आरोप ठेवला, त्याच चित्रकाराने दिमाखाच्या प्रकाराला दिमाखातून सोडविले.

येथे थांबता आले असते, तर समीक्षेचे काम सुखाचे झाले असते. परंतु या मेजावरील एक अनुपस्थिती अजून सांगावयाची आहे, आणि ती उठून गेलेल्या पाहुण्यांची नाही. पीटर क्लासने १६२७ मध्ये रंगविलेल्या मेजावर टर्कीच्या पिसांनी सजविलेले भाजलेले पक्वान्न आहे, नॉटिलसचा पेला आहे, वान्ली राजवटीतील चिनी मातीची थाळी आहे, आणि पंचांगाच्या फाडलेल्या पानाच्या सुरळीत मिरी आहेत. टर्की मुळात अमेरिका खंडातला पक्षी. चिनी मातीची भांडी हॉलंडमध्ये मोठ्या प्रमाणावर प्रथम आली ती व्यापाराने नव्हे. १६०३ मध्ये सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ पकडलेल्या सांता कातारिना या पोर्तुगीज जहाजाचा माल पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये लिलावात विकला गेला, आणि त्या लुटीच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ग्रंथाच्या एका प्रकरणातून ह्यूगो ग्रोशियसचा मुक्त समुद्राचा सिद्धांत जगापुढे आला. याच चित्राच्या सहा वर्षे आधी, १६२१ मध्ये, कंपनीच्या सैन्याने जायफळासाठी बांदा बेटे जिंकली. तेथील बहुसंख्य रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले, परागंदा झाले किंवा गुलाम करून नेले गेले. मेजवानीतील मिठायांची साखर १६३० ते १६५४ या काळात डचांच्या ताब्यातील ब्राझीलमधून येई, आणि ती आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमाची असे. चित्रानंतर दहा वर्षांनी, १६३७ मध्ये, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी कंपनीने कोकणात वेंगुर्ल्यास वखार घातली. क्लासच्या सुरळीतली मिरी जावा-सुमात्रेची की मलबारची, हे चित्रावरून कळण्यास मार्ग नाही. ते कळू नये हाच मेजाचा शिष्टाचार आहे.

रोलां बार्त याने १९५३ मधील एका निबंधात या चित्रांतील झिलईवर नेमके बोट ठेवले होते. वस्तूचे द्रव्य तिच्या उपयोगाच्या आणि मालकीच्या चकाकीखाली झाकले जाते आणि मालकाची दृष्टी तिच्यावरून अडखळल्याविना घसरत जाते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. ज्यूली हॉकस्ट्रासर हिने २००७ मध्ये मेजावरील चीज, मासळी, मिरी, साखर यांच्या एकेक व्यापाराचा माग काढून दाखविले की, श्रम आणि हिंसा यांना या चित्रांत जागा नाही. क्वचित ती जागा मिळालीच, तर कशी मिळते हे युरियान फान स्ट्रेक याच्या म्युनिक येथील चित्रात दिसते. तेथे चिनी भांड्यांच्या मेजाशी एक कृष्णवर्णी तरुण उभा आहे. परंतु तो पाहुणा नव्हे, यजमानही नव्हे. तो मेजावरील दुर्मीळ वस्तूंपैकी एक म्हणून तेथे आहे. माणसाला वस्तूच्या पंक्तीत बसविणे ही दिमाखाची अखेरची पायरी होय.

मग या चित्रांचे सौंदर्य हा एक अपराध समजावा काय? अलीकडील समीक्षेचा एक प्रवाह जवळजवळ तसे मानतो, आणि त्याची चीड अनाठायी नाही. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मिरी कोठून आल्या, हा प्रश्न विचारता येतो, कारण क्लासने त्या मिरी म्हणून रंगविल्या. बोधचिन्हातील लिंबाला देश नसतो. फसव्या सौंदर्याचे प्रतीक कोणत्याही बंदरावर उतरत नाही. चित्रकाराने थाळीवरील निळी नक्षी रेषेरेषेने उतरवली म्हणून ती वान्ली राजवटीची हे ओळखता आले आणि ओळखल्यावर ते जहाज आठवले. वर्णन जितके नेमके, तितके ते चित्रकाराच्या आणि ग्राहकाच्या इच्छेबाहेरही साक्ष देते. नीतीचा उपदेश करणारे चित्र स्वतःच्या काळाला सोयीचे तेवढेच बोलले असते. वस्तूचे विशिष्ट रूप सांगणारे चित्र मात्र पुढील काळाच्या प्रश्नांनाही उघडे राहते. स्वभावोक्तीची ही नैतिक शक्ती प्राचीन आलंकारिकांच्या वादात आलेली नाही, कारण त्यांना ती विचारात घेण्याचे कारण पडले नाही. जगाच्या एका टोकाची वस्तू दुसऱ्या टोकाच्या मेजावर निनावी होऊन येणे, ही त्यानंतरच्या काळाची घटना आहे.

म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी म्हणाव्या लागतात. या मेजांनी पाहणे शिकविले आणि त्याच पाहण्याची कड मेजाच्या कडेशीच कापली. कडेबाहेर आलेली थाळी आणि मुठीकडून पुढे सरकलेला सुरीचा दांडा या कडेची आठवण सतत देत राहतात. चित्रकाराला ती कड ओलांडता आली नाही. परंतु ती कड आहे, हे त्याने लपविलेही नाही.

क्लारा पेटर्स ही अँटवर्पची चित्रकर्ती या परंपरेच्या अगदी आरंभी काम करीत होती. तिच्या १६१२ मधील, आज कार्ल्सरूहे येथे असलेल्या चित्रात फुले, नाणी, शिंपले आणि सोनेरी पेले आहेत. एका पेल्याच्या फुगीर उंचवट्यांवर बारकाईने पाहिले असता, एकेका चकाकत्या बिंदूत एकेक इवलासा चेहरा दिसतो. ते तिचेच प्रतिबिंब आहे, हातात रंगफलक घेतलेले. ऐश्वर्याच्या झिलईत मालकाचा चेहरा दिसावा अशी रीत असताना, तेथे श्रम करणारीचा चेहरा उमटला आहे. मेजावरून नाहीशा झालेल्या असंख्य हातांपैकी निदान एका हाताची ही नोंद होय. दे लेरेसला हवे असलेले कारण एखाद्या बोधवाक्यात सापडणार नव्हते. ते अशाच एखाद्या चकाकीच्या आत, जवळ जाऊन पाहणाऱ्यालाच दिसेल इतक्या लहान आकारात असते. कादंबरीत वा कवितेत वस्तूंची दाटी करणाऱ्या लेखकासमोरही प्रश्न हाच आहे. वस्तू किती मांडल्या यापेक्षा, त्यांपैकी एखादी तरी इतकी नेमकी पाहिली गेली काय की तिच्यात ती घडविणारा हात दिसावा?